पाट्यावरची बैठक

आतितलान तळ्याकाठच्या आमच्या वाडीत एउलालियाच्या घरचं भांडण ऐकल्याशिवाय कुणाचा दिवस उजाडत नसे. चूल पेटली की सासूचं तोंड सुरू. "गिरणीतलं पीठ खाऊन माझ्या लेकाच्या तोंडाची चव गेली."

सून फ्लोरिंदा राजधानीत वाढलेली, तीही गप बसणारी नव्हे. "मग तुमीच वाटा की, आत्याबाई. त्या पाट्यापुढं गुडघं टेकून मका रगडणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

त्या सकाळी असंच भांडताना तिला कळा लागल्या. मी शेजारीण, पाणी तापवायला धावले. कातारिना सुईण आली. ऊन अंगणात उतरेपर्यंत बाळाचं डोकं बाहेर आलं. आम्ही हुश्श करतोय, तोवर ते परत आत ओढल्यासारखं झालं अन् हनुवटी रुतून बसली. खांदा आईच्या हाडाला अडकला होता. पोराचं तोंड जांभळं पडायला लागलं.

"अगं, ओढ की त्याला," एउलालिया म्हणाली.

"ओढून हात मोडू व्हय त्याचा?" कातारिना म्हणाली. "फ्लोरिंदा, उलटी हो. पाट्यावर वाकतात तशी, हाता-गुडघ्यांवर."

"मला कुठं येतंय ते," फ्लोरिंदा रडत म्हणाली.

एउलालिया चर्चमध्येसुद्धा गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसून राहायची. ती बाई धपकन खाली आली, हात भुईला टेकले. "अशी. माझ्याकडं बघ. अशी हो, माझे बाय."

आम्ही दोघींनी फ्लोरिंदाला वळवलं. सासू-सुना डोक्याला डोकं लावून ओणव्या. कातारिनानं वरच्या अंगाला आलेला खांदा बोटांनी हळूच मोकळा केला आणि पोर सुळकन बाहेर आलं. रडेना. तिनं पाठ चोळली, चोळतच राहिली, तेव्हा कुठं त्यानं असा भोंगा पसरला की मलाही रडू फुटलं.

"आत्याबाई, उठा आता," फ्लोरिंदा म्हणाली.

"उठता येत असतं तर उठले नसते व्हय? कंबर धरलीया माझी."

पोर सुटलं, आजी अडकली. आम्ही तिला धरून चटईवर आडवी केली. तेवढ्यात लेक बार्तोलो मळ्यातून धावत आला अन् आईकडं बघून हसायला लागला.

"दात काय काढतोस?" एउलालिया म्हणाली. "मक्याची टोपली उचल अन् गिरणीवर जा. बाळंतिणीला भाकर नको?"

"आन् पाटा?"

"ऱ्हाऊ दे तिथंच. पुढच्या बाळंतपणाला लागंल."