भागीरथाबाईची टाच

पोचा दिसला की माझे हात शिवशिवतात. अकोल्यात बाळापूर नाक्याजवळ पस्तीस वर्षं मी गाड्यांचे पत्रे ठोकतोय. लोक म्हणतात, पुंजाराम मिस्तरी तोंडाचा फाटका, पण हाताचा साफ. तोंडाचं मला मान्य आहे. हाताचंही होतं, ती अँबेसेडर येईपर्यंत.

साधी अँबेसेडर नव्हे, स्टेशन वॅगन. मागे लांबलचक, डिक्कीच्या जागी अख्खं दार. गाडी वरूडच्या पंजाबरावांची. उमेदीत तिने संत्री वाहिली आणि मग बागेतल्या कडुलिंबाखाली बारा वर्षं उभी राहिली. ती माझ्याकडे आणली नीलमने. भूमिअभिलेख कार्यालयात नोकरी, वय चाळिशीला टेकलेलं, बोलणं रोखठोक.

"मिस्तरी, मी ह्या गाडीत जन्मली," ती म्हणाली. "माय पंजाबमामाच्या बागेत कामाले होती. अमरावतीच्या दवाखान्यात नेता नेता मोर्शीच्या पुढं रस्त्यातच मी झाली. मामानं स्वतः गाडी चालवली होती. आता ते चौऱ्याऐंशीचे झाले. त्यायच्या दारात गाडी नव्यासारखी उभी करायची हाय मले."

काम मोठं होतं. तळाचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी भुगा पडायचा. मी गंज कापत गेलो, नवा पत्रा जोडत गेलो. मागच्या दाराच्या खालच्या भागाची तर चाळणी झालेली. त्याच्या मधोमध एक उलटा पोचा होता. आतून बाहेर आलेला, मुठीएवढा. संत्र्यांचं खोकं आपटलं असेल, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही. न्हावी कधी विचारतो का, दाढी काढायची की राहू द्यायची? तेवढा पत्रा कापला, फेकला, आणि त्याच संध्याकाळी भंगारवाला घेऊन गेला.

गाडी तयार झाली तेव्हा नीलम आईला घेऊन आली. भागीरथाबाई साठी ओलांडलेल्या, पांढऱ्या साडीत, काटक. चकाकत्या बॉनेटकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मागे गेल्या, दारावर तळवा फिरवला आणि माझ्याकडे वळल्या.

"माही टाच कुठं गेली?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. "वेणा सहन होईनात म्हणून मी दारावर लाथ हाणली होती. पंजाबभाऊनं गाडीले तीनदा रंग देला, पण तो पोचा कोणाले ठोकू देला नाही. म्हणे, ही भागीरथाची सही हाय. आता काचबिंदूनं त्यायचे डोये गेले. बागेत आले की गाडीवर हात फिरवते. हात तिथंच जाऊन थांबते."

"माय, तू मले कधी सांगतलं नाही!" नीलमचा आवाज फुटला.

"काय सांगू? मालकाच्या गाडीले लाथ मारली म्हणून?"

नीलम तिथेच स्टुलावर बसली. "मामाले वाटन, मीच पुसून टाकलं," ती म्हणाली.

मी फार ओशाळलो. "बाई, दोन मिनिटांत हातोडीनं काढून देतो तसाच पोचा," मी म्हटलं.

"तुमच्या हातोडीले पोरगी झाली होती का?"

मग पोचा त्यांच्याच टाचेने पाडायचं ठरलं. मी मागच्या दाराच्या खालच्या भागातला मधला रंग खरवडला, पत्रा नरम पडेल इतकाच गॅसने तापवला, आणि टाच भाजू नये म्हणून आतून ओल्या पोत्याची जाड घडी लावली. भागीरथाबाई नीलमचा हात धरून गाडीत चढल्या, आडव्या झाल्या, साडी आवरली. पहिली लाथ वाया गेली. दुसरीने पत्रा नुसता वाजला. तिसरीला त्या अशा ओरडल्या की समोरच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. पत्रा बाहेर आला, लिंबाएवढा. जन्मात मी मुद्दाम राखलेला हा पहिला पोचा. त्याला मी मनापासून हात जोडले. दाराला पुन्हा रंग मारला, वरूडला जाणं दोन दिवस लांबलं.

वरूडला गाडी मीच चालवत नेली, मायलेकी मागे बसल्या. चूक माझी होती, तिथे हजर राहणं भाग होतं. पंजाबराव काठी टेकत अंगणात आले. बॉनेटवरून, टपावरून त्यांचा हात फिरत गेला. "वा रे मिस्तरी, हात घसरून राहिला!" ते हसले. हात मागच्या दारावर आला, खाली गेला, इकडेतिकडे चाचपडला आणि थांबला. बोटांनी त्यांनी तो उंचवटा पुन्हा पुन्हा मोजला.

"भागीरथे, हा लहान काहून झाला?"

मी कबुलीसाठी तोंड उघडलं, पण भागीरथाबाई आधीच पुढे झाल्या होत्या.

"तवा वेणा होत्या, भाऊ. आता सुख हाय."

पंजाबरावांनी हात तिथून काढला नाही. दुसऱ्या हाताने ते नीलमचं डोकं शोधत राहिले. ती खाली वाकली.