पाठीवरची चेन

एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय रबरी बुटात कोंबायचा, आणि हे सगळं अशा थाटात करायचं की आजूबाजूच्यांना वाटावं, हा गृहस्थ दर शनिवारी इथेच असतो. या तिहेरी कसरतीत पुरुषोत्तमराव गाडीच्या बॉनेटला धरून चांगली दहा मिनिटं नाचत होते. मार्चची सकाळ. नॉटिंगहॅमपासून पाऊण तासावरची ती जुनी दगडाची खाण पाण्यानं काठोकाठ भरलेली, आणि चहाच्या टपरीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, पाणी सहा अंश. म्हणजे बर्फ व्हायचं तेवढं राहून गेलं होतं.

ड्रायसूट नवा कोरा होता. काळा, खांद्यांवर लाल. आत लोकरीचे कपडे घालायचे, वरून हा चढवायचा, आणि माणूस पाण्यात जाऊन कोरडाच्या कोरडा परत यायचा. जुना सूटही तसाच होता, पण त्याची चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती ज्याची त्याला लावता येत नसे. ब्रह्मदेवाला चार तोंडं असली तरी त्यालाही आली नसती.

ती चेन पंचवीस वर्षं त्यांच्या बायकोनं, सुहासिनीनं लावली. तिला स्वतःला पाण्याचं इतकं वावडं की घरातल्या बाथटबकडेही ती संशयानं बघायची. पण दर शनिवारी गाडीत बसून यायची, मेणबत्तीचा तुकडा चेनीवर घासायची, कड्यात बोट घालून ती खसकन ओढायची, खांद्यावर दोन थापा मारायची आणि म्हणायची, "जा." मग शब्दकोडं घेऊन गाडीत बसायची.

खाणीच्या तळाशी खरं म्हणजे बघण्यासारखं काय होतं? पाणबुड्यांच्या करमणुकीसाठी बुडवलेली एक डबल डेकर बस, एक गंजकी होडी आणि कंटाळलेले चार मासे. पण रिकाम्या हातानं वर येणं पुरुषोत्तमरावांच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी गाडीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, की बसमध्ये कंडक्टर आहे. मिशांवर शिंपले चिकटलेत, पण टोपी सरळ. तिकीट मागतो. पुढच्या शनिवारी त्या कंडक्टरनं एका माशाला विनातिकीट म्हणून खाली उतरवलं. पुढे त्याची बदली झाली, ती त्यानं रद्द करून घेतली, संप केला, एकट्यानंच. पंचवीस वर्षं हे चाललं. सुहासिनी कोड्यातून मान वर न करता एवढंच म्हणायची, "मग?" ती ऐकत होती की आडवे-उभे शब्द जुळवत होती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका साध्या मंगळवारी ती गेली. सूट माळ्यावर गेला. यंदा काढून बघितला, तर गळ्याच्या रबराला भेगा. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण पुरुषोत्तमरावांनी नवा सूट मागवला, आणि मुद्दाम पुढून चेन असलेला. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत, आपली आपण लावायची. कुणाचं मिंधं व्हायला नको. मापाच्या फॉर्मवर लिहिलं होतं, मापं दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावीत. त्यांनी टेपचं एक टोक बुटाखाली दाबलं, एक दातात धरलं आणि काम उरकलं. बाह्या चार बोटं लांब आल्या.

तरी पण पाणबुड्यांच्या क्लबचा नियम होता, पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही. जोडीदार म्हणून आली ती जुन्या स्नेह्यांची, हरीश-मंजिरीची मुलगी तनिषा. हॉस्पिटलात नर्स. पाण्यात उतरायला लागून तिला दोन वर्षं झाली होती. लहानपणी सुहासिनीच्या रविवारच्या मराठी वर्गाला सात वर्षं यायची, आणि पुरुषोत्तमरावांच्या मते तिथे ती फक्त चकल्या खायला शिकली.

"काका, तुमचा चेन बघू?"

"तुमची. आणि बघायची गरज नाही. ही आपली आपण लागते."

"तरी पण चेक करायचा असतो ना."

"तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी इथे बुडतोय."

तिथे एखादा स्थानिक जोडीदार असता तर त्यानं सरळ पुढे होऊन चेन ओढून बघितली असती. नियम म्हणजे नियम. पण ही पडली आपल्यातली. काकांना दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा नाही. तनिषानं हात मागे घेतला.

दोघं उतारावरून पाण्यात शिरले. कानांत पाणी गच्च बसलं, आणि वरचं जग हिरव्या काचेमागे गेलं. पहिली तीन मिनिटं पुरुषोत्तमरावांना वाटलं, सगळं अजून जसंच्या तसं आहे. श्वास तसाच, बुडबुडे तसेच. काठावर गाडी उभी आहे, गाडीत कोडं अर्धं झालंय.

मग उजव्या कमरेपाशी कुणीतरी थंडगार बोट टेकवलं.

त्यांनी दुर्लक्ष केलं. बोटाचा हात झाला, हात मांडीवरून खाली गेला. समोर हिरव्या अंधारात बसची मागची बाजू दिसायला लागली होती. आणखी वीस हात. दात वाजत होते, पण तोंडात नळी असल्यामुळे अब्रू झाकलेली. उजवा बूट पाण्यानं भरला. तनिषा वळली, त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघितलं, आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, वर चला. त्यांनी बोटांचं कडं करून दाखवलं, सगळं ठीक. तिनं पुन्हा अंगठा वर केला. त्यांनी मान हलवली. मग तिनं त्यांचा दंड धरला आणि तिसऱ्यांदा अंगठा त्यांच्या डोळ्यांसमोर, चष्म्याच्या काचेला टेकवून, धरला.

सात मिनिटं. तीन वर्षांनंतर, सगळी मिळून सात मिनिटं.

काठावर सूट उतरवला तेव्हा पायातून बादलीभर पाणी निघालं. कमरेपाशी चेन शेवटचं बोटभर उघडी होती. तनिषाला ती दिसली. तिनं त्यांना टॉवेलात गुंडाळलं, कपडे बदलून गाडीत बसवलं, हीटर लावला आणि थर्मासमधला चहा ओतून शेजारच्या सीटवर येऊन बसली. त्या सीटवर तीन वर्षं कुणी बसलं नव्हतं. गिअरजवळच्या खोबणीत मेणबत्तीचा तुकडा आणि एक आखूड झालेली पेन्सिल अजून तशीच होती.

"माझा चूक आहे," ती म्हणाली. "मी बघायला पाहिजे होता."

पुरुषोत्तमराव म्हणाले की चूक कुणाचीच नाही, वयाची आहे. सूट विकून टाकणार. बाह्या लांब आहेत, एखाद्या वानराला होईल. ती हसली नाही. ते स्वतःही हसले नाहीत. काचेवर वाफ धरली आणि खाण दिसेनाशी झाली. सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि ज्या सीटला सांगायचं तिच्यावर पाहुणी बसली होती.

"काका, बस दिसला तुम्हाला?"

"मागची बाजू. लांबून."

"मला दरवाजा दिसला." तिनं चहावर फुंकर घातली. "कंडक्टर उभा होता."

पुरुषोत्तमरावांचा कप ओठांपाशी थांबला.

"टोपी सरळ होता," ती म्हणाली. "मिशीला शिंपले पण आहेत अजून."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काकूंनी. रविवारी क्लासला. शेवटचे वीस मिनिटं तेच असायचं. आम्ही आल्या आल्या विचारायचो, काल काका गेले होते का? नाही म्हणाल्या की सगळे सॅड."

हीटरचा आवाज येत राहिला.

"वरच्या मजल्यावरचा पुढचा सीट अजून रिकामाच ठेवलाय त्यानं," तनिषा म्हणाली. "काकूंचा. खिडकी बंद करून. त्यांना पाणी नाही आवडत ना."

पुरुषोत्तमरावांनी पंचवीस वर्षांच्या थापा मनातल्या मनात उलटून पाहिल्या. संप होता, बदली होती, विनातिकीट मासा होता. वरच्या मजल्यावर ते कधी गेलेच नव्हते.

"हे मी सांगितलेलं नाही."

"माहितीय. काकू म्हणायच्या, हा पार्ट काकांना माहीत नाही, त्यांना बोलू नका."

बाहेर कुणीतरी पाण्यात उडी मारली. पुरुषोत्तमरावांनी कप डॅशबोर्डवर ठेवला, खोबणीतली पेन्सिल उचलली, तिचं टोक नखानं जरा वेळ तपासलं, आणि मान वर न करता म्हणाले,

"मग?"