गादीवरची जागा

पोरीच्या पाठीत असा सणसणीत धपाटा बसला की बस्त्याला आलेली बारा-पंधरा माणसं एकदम गप्प झाली.

"मुतलीस ना गं गादीवर? सांगता येत नव्हतं व्हय?" आई दातओठ खात म्हणाली. चार वर्षांची पोर आधी बावचळली आणि मग तिनं भोकाड पसरलं. दुकानाच्या गादीवरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीला वीतभर ओला डाग पडला होता. रामकिसनशेठ लगबगीनं आजूबाजूच्या उघड्या साड्या गोळा करू लागले. आईनं दुसऱ्यांदा हात उगारला.

"लेकराला मारू नका," तिच्याजवळच बसून साड्या दाखवणाऱ्या मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिनं नाय केलं. माझं हाये ते."

आधी कुणाला कळलंच नाही. शेठजी हसले. "काहीतरीच काय बोलता बाई! तांब्यातलं पाणी सांडलं असेल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर शेठजींनी अख्खी दोरी टाकली होती. मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण पोर हुंदके देत होती, हकनाक मार खाल्ल्यावर लेकरं देतात तसे. मनकर्णाबाईंचं डोकंच फिरलं. कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तांब्या भरलेला हाये, बघा. पाणी नाय ते. मला शिंक आली की लघवी सुटती. दहा-बारा वर्सं झाली. लेकराची काय चूक?"

पुरुषमंडळी छताच्या पंख्याकडे बघू लागली. बायकांनी पदर सावरले. त्या पोरीच्या आईनं पोरीला जवळ ओढलं, पण मनकर्णाबाईंकडे मात्र पाहिलं नाही.

शहागंजातल्या त्या दुकानात मनकर्णाबाईंना एकोणीस वर्षं झाली होती. नऊवारी एका झटक्यात अशी उलगडायच्या की पदर बरोब्बर गिऱ्हाइकाच्या मांडीवर येऊन पडायचा. नवरीच्या आईला काय हवं ते आईच्या आधी त्यांना कळायचं. लग्नाचा बस्ता, म्हणजे नवरीच्या शालूपासून मानपानाच्या लुगड्यांपर्यंतची सगळी खरेदी एका बैठकीत करायची, आणि तो मनकर्णाबाईंनीच काढायचा, असं पैठणपासून इकडच्या गावागावांत ठरून गेलं होतं. गादीवरची कोपऱ्यातली ती जागा त्यांची होती. घरी त्यांना कुणी विचारत नसे. नवरा गेला होता, मुलगा-सून आपापल्या घाईत. गादीवर बसलं की मात्र त्या कुणीतरी असायच्या.

पण त्या गादीचा एक कायदा होता. बस्ता चालू असताना विकणाऱ्यानं उठायचं नाही. विकणारा उठला की गिऱ्हाईक उठतं, असं शेठजींचे वडील सांगून गेले होते. बस्ता चार-चार, पाच-पाच तास चाले. दुकानाच्या मागं संडास होता, पण त्याची किल्ली शेठजींच्या गल्ल्यात. ती मागायची म्हणजे चार पुरुषांसमोर हात पसरायचा. एकोणीस वर्षांत मनकर्णाबाईंनी ती दोनदा मागितली. एरवी त्यांनी आपल्या अकलेनं तोडगा काढला होता, पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, तो थेट दिवेलागणीला पाणी. समोरचा तांब्या गिऱ्हाइकांचा.

थोरली नणंद म्हणायची, "पिशवी काढून टाक, मी काढली तशी." नणंदेची गर्भपिशवी गेली आणि लघवी होती तशीच सुटत राहिली. आता तर ती कुणाच्या लग्नाला जात नव्हती. तेव्हा ह्या दुखण्याला औषधच नाही, असं मनकर्णाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

बस्त्याची माणसं गेल्यावर शेठजी म्हणाले, "उद्यापासून तुम्ही गोदामात बसा. घड्या घाला. पगार तोच. माझी काही तक्रार नाही हो, पण गादीवर लक्ष्मी असते."

शेठजी माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मनकर्णाबाईंना ते जास्त लागलं.

"बसते गोदामात," त्या म्हणाल्या. "पर मी परत येणार हाये. माझी जागा कुनाला देऊ नका."

जी लाज जपायला दहा वर्षं तहान मारली, ती तर चारचौघांत गेली. मग आता भ्यायचं कुणाला? काउंटरवरच्या द्वारकानं बाळंतपणानंतर एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार घेतले होते. तिनं दिलेली चिठ्ठी घेऊन दुसऱ्याच दिवशी त्या औरंगपुऱ्यात डॉ. पद्मजांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. सगळं विचारलं, अगदी बद्धकोष्ठापर्यंत.

"पाणी किती पिता, मावशी?"

"पितच नाय."

"तिथंच चुकतंय. पाणी कमी पडलं की लघवी जहाल होते, आतून झोंबते. मग उलट सारखी घाई होते. पाणी प्यायचं आणि दोन-तीन तासांनी उठून जायचं. तासन्‌तास कोंडून ठेवायचं नाही."

"आन् पिशवी काढावी लागंल का?"

"गर्भपिशवीचा ह्यात काय संबंध? ती बिचारी ठणठणीत आहे. खाली स्नायूंची झोळी असते, तिच्यावर सगळा भार असतो. तीन बाळंतपणांत ती सैल पडली आहे. शिंकलं, खोकलं, जड उचललं की आधार पुरत नाही. त्या स्नायूंना कामाला लावायचं. चारचौघांत वारा अडवतो ना, तसं आत ओढून धरा बघू."

मनकर्णाबाईंनी श्वास कोंडला, डोळे मिटले आणि दात करकचून आवळले.

"दात नाही आवळायचे, मावशी!" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "तोंडावर काही दिसता कामा नये. श्वास चालू ठेवायचा. पाच आकडे धरायचं, पाच आकडे सोडायचं. पुढे दहापर्यंत न्यायचं. दहा वेळा करायचं, दिवसातून तीनदा, तीन महिने. त्यानं नाही भागलं तर पुढचे उपाय आहेत. पण पंधरा दिवसांत कंटाळून सोडायचं नाही."

मनकर्णाबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना संताप आला.

"येवढं साधं व्हतं? मग दहा वर्सं मला कुनी सांगितलं कामून नाय? तीन बाळंतपणं झाली माझी. एका तरी नर्सबाईनं सांगायचं व्हतं!"

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मनकर्णाबाईंनी तो एका दमात संपवला.

गोदाम म्हणजे खिडकी नसलेली खोली. तिथं बसून मनकर्णाबाईंनी हिशोब बसवला. घडी घालताना आवळून धरायचं, थप्पीवर ठेवताना सोडायचं. पहिल्या महिन्यात ढिम्म फरक पडला नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण व्यायाम सोडला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा खळीच्या वासानं सटकन शिंक आली आणि त्या घाबरून तशाच उभ्या राहिल्या. काहीच झालं नव्हतं. अंधाऱ्या गोदामात बाई एकटीच खदाखदा हसली, ते ऐकून द्वारका धावत आली. दुखणं साफ गेलं असं नव्हे. जोराचा खोकला आला तर अजून दगा व्हायचा. पण रोजचं होतं ते पंधरवड्यातून एखाद्या वेळेवर आलं.

लग्नसराई लागली. एका सकाळी मनकर्णाबाई गोदामातून बाहेर आल्या आणि सरळ गादीवर आपल्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"अहो, आज मोठा बस्ता आहे," शेठजी दबक्या आवाजात म्हणाले.

"म्हनून तर आले. आन् ती मागची किल्ली द्या हिकडं. आजपासून ती दारामागच्या खिळ्याला ऱ्हाईल. मी दोन तासांनी उठणार."

"गिऱ्हाईक उठून जाईल बाई!"

"गेलं तर जाऊ द्या. पुन्हा येतंय का नाय, ते बघू."

बस्त्याची माणसं पायऱ्या चढत होती. त्यांच्यासमोर तंटा नको म्हणून शेठजींनी किल्ली दिली.

दोन तास झाले. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. मनकर्णाबाईंनी हातातली पैठणी खाली ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या.

"बायांनो, मी लघवीला जाऊन येते. कुनाला यायचं असंल तर चला. मागं सोय हाये."

शेठजींनी डोळे मिटून घेतले. मग नवरीची आई उठली, तिच्यामागं मावशी, आणि बघता बघता पाच बायका दुकानातून उठून मागच्या बोळात गेल्या. सगळ्यांच्या शेवटी नवरीची आजी, भागूबाई. म्हातारी सकाळपासून खांबाला टेकून उभी होती. सगळ्यांनी विनवलं तरी ती गादीवर बसली नव्हती, गुडघे धरलेत म्हणायची.

बोळात तिनं मनकर्णाबाईंचा दंड धरला.

"पोरी, बाप्या माणसाम्होरं तुला कसं गं बोलवलं?"

"नाय बोलून काय मिळालं, आजी?"

"गुडघं धड हायेत माझं," म्हातारी पुटपुटली. "पांढरी चादर बघितली की भ्या वाटतं. धाकटा झाला तवापासून लोकाच्या घरी टेकले नाय मी. चाळीस वर्सं झाली."

मनकर्णाबाईंना भडभडून आलं. आपली दहा, हिची चाळीस. इतकी वर्षं ही बाई प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात खांबाला टेकून उभी होती. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, तोही खणखणीत आवाजात. बोळातल्या दोन हमालांनी माना वळवल्या.

"हळू बोल माय, लोक ऐकायलेत."

"ऐकू द्या. हळू बोलून बोलूनच चाळीस वर्सं गेली तुमची."

बायका एकेक करून दुकानात परतल्या. एकही गिऱ्हाईक गेलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी म्हातारीचा हात सोडला नाही, तो धरून त्या तिला थेट गादीपाशी घेऊन आल्या.

"बसा."

"डाग पडंल गं."

"पडला तर चादर धुवू. बसा तुम्ही."

म्हातारीनं आधी शेठजींकडं पाहिलं, मग सुनेकडं. लुगडं आवरून ती अगदी कडेला टेकली. थोड्या वेळानं आत सरकली. मग दोन्ही पाय लांब करून, नातीचा शालू मांडीवर घेऊन बसली.