साडेसतरा इंच

मी टेप बोलतोय. गाणी वाजवणारा नाही, मापं घेणारा. सहा वर्षं मी टेलरमास्तरांच्या गळ्यात होतो, आणि खरं सांगायचं तर दुकान मीच चालवायचो. मास्तर नुसते शिवायचे.

माझा जन्म अगदी साधा. सुती पट्टी, तिच्यावर पिवळं रोगण, रोगणावर एक ते साठ असे काळे आकडे, आणि टोकं उसवू नयेत म्हणून दोन्हीकडे पितळी पत्रा. सुई-दोऱ्याच्या दुकानात आम्ही बाराजण एका खिळ्याला लटकलो होतो. मास्तर आले आणि त्यांनी एकेकाला उचलून दुकानदाराच्या लोखंडी पट्टीवर ठेवलं. अकराजण कुठे ना कुठे केसभर कमी-जास्त निघाले. मी तंतोतंत. "हा द्या," मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून माझा जो तोरा सुरू झाला, तो अजून उतरलेला नाही.

माप घेताना माणसं कशी वागतात, ते मला विचारा. पुरुष पोट आत ओढतात आणि श्वास कोंडून लालबुंद होतात. बायका म्हणतात, "अहो, जरा सैल धरा, आतून स्वेटर आहे," आणि स्वेटर नसतोच. मास्तर मात्र पक्के. "पोट सोडा साहेब, कोट पोटावरच बसायचा आहे." मग साहेब पोट सोडायचे आणि मी खरं काय ते सांगायचो. खोटं बोलणं माझ्या रक्तात नव्हतं. नव्हतं असं का म्हणतोय, ते पुढे येईलच.

खाली दुकान, वर दोन खोल्या. वर मास्तर, त्यांची बायको आणि मास्तरांची थोरली बहीण आक्का, अशी तीन माणसं. बायकोला सगळी गिऱ्हाइकं काकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणतो. आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा चालू. मास्तरांचे वडीलही शिंपीच होते, त्यामुळे आक्काला कपड्यातलं मास्तरांपेक्षा जास्त कळतं, असं तिचं स्वतःचं मत आहे.

एका सकाळी दूधवाल्याने मास्तरांच्या हातात एक पिल्लू ठेवलं. त्याच्या कुत्रीला सात झाली होती आणि हे शेंडेफळ. मास्तरांनी ते कोटाच्या अस्तरात गुंडाळून वर नेलं. काकू म्हणाली, "अगं बाई, बटणाएवढं आहे!" झालं, नाव पडलं बटण.

आक्काने मात्र काठी आपटली. "आज बटण, उद्या घोडा! एक धक्का मारला ना, तर मी थेट पुन्हा हॉस्पिटलात. माझा दुसरा गुडघाही त्यांना देऊ का?"

"आक्का, हा लहानच राहणार आहे. दूधवाला म्हणाला."

"दूधवाला दूधही शुद्ध आहे म्हणतो."

मास्तर लहान तोंड करून उभे राहिले. त्यांना मूलबाळ नाही. गिऱ्हाइकांच्या पोरांची मापं घेताना ते उगाच जरा जास्त वेळ लावतात, हे मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या हातातच असायचो. आक्कालाही ते माहीत असणार. ती थोडी नरमली आणि म्हणाली, "ठीक आहे. पण अट आहे. माझ्या गुडघ्याच्या वर गेला, की त्याच दिवशी परत दूधवाल्याच्या गोठ्यावर. कबूल?"

"कबूल."

"तोंडी नको. मोज."

मग मास्तर खाली बसले, मला जमिनीवर टेकवून आक्काच्या गुडघ्यापर्यंत धरलं. अठरा इंच. मग पिल्लाचं माप घेतलं. खांद्यापर्यंत सात इंच. मापाच्या वहीत वकीलसाहेब आणि स्टेशनमास्तर यांच्या मधल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'बटण. उंची सात. हद्द अठरा.' दर रविवारी सकाळी माप घ्यायचं ठरलं. दिलेला शब्द मास्तर कधी फिरवत नाहीत, आणि दिलेलं माप तर नाहीच.

बटण वाढायला लागला. वाढायला म्हणजे, सकाळी झोपून उठला की रात्रीच्यापेक्षा वेगळा दिसायचा. पाय आधी वाढले, मग कान, मग उरलेला तो. गळ्यातला पट्टा तीनदा बदलला. आधी पलंगाखाली सहज जायचा, मग डोकं आपटून जायला लागला, मग अर्धाच जायचा आणि बाकीचा बाहेर शेपूट हलवत उभा राहायचा. त्याने काकूच्या चपलेचा अंगठा खाल्ला, अर्धा खडू खाल्ला, आणि चुन्यासारखं पांढरं तोंड घेऊन "मी नाही" अशा चेहऱ्याने बसला. काकूच्या नाकी नऊ आले. पण ती रागावायला जायची आणि त्याच्या पोटावर हात फिरवून परत यायची.

रविवारचा आकडा चढत होता. नऊ, अकरा, साडेतेरा, पंधरा, सोळा.  सोळाच्या दिवशी मास्तर जेवलेच नाहीत.

आता मधली गोष्ट सांगतो. ती फक्त मला ठाऊक होती.

दुपारी मास्तर वर येऊन मला अडकवायचे आणि जेवून आतल्या खोलीत तासभर पडायचे. काकू खालच्या दुकानात काज-बटण करत बसायची. मी आक्काच्या खुर्चीमागच्या खुंटीवर. पहिल्यांदा बटणाने मला खुंटीवरून खाली ओढलं, तेव्हा आक्का ओरडली, "सोड, मेल्या! बापाची इस्टेट आहे का?" आणि माझं दुसरं टोक धरून खेचलं. बटणाला वाटलं, खेळ. तोही खेचायला लागला. आक्का खेचतेय, बटण खेचतोय, मध्ये मी. आणि मग मी तिच्या तोंडून असा आवाज ऐकला, जो ऑपरेशननंतर त्या घरात कोणी ऐकला नव्हता. आक्का हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्वतःच खुंटीवरून काढलं.

मग रोजचंच झालं. आधी बसून. पुढे उभी राहून. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की काठी खुर्चीला टेकलेली आहे आणि आक्का खोलीच्या मध्यभागी दोन्ही पायांवर उभी राहून ओढतेय. "हरलास की नाही? हरलास की नाही, गाढवा?" आतल्या खोलीत मास्तरांची खाट करकरली, की मी खुंटीवर, आक्का खुर्चीत आणि चेहरा असा, की जणू तिचं कुत्र्याशी बोलणंच नाही.

मला वाटायचं, बरं आहे, व्यायाम होतोय. आपण लांब होतोय हे माझ्या मनातही आलं नाही. माणसाला तरी आपलं पोट सुटलेलं कुठे कळतं?

त्यानंतर दोन चमत्कार झाले. पहिला, बटण वाढायचा थांबला. सोळा, सव्वासतरा, आणि मग सलग चार रविवार साडेसतरा. मास्तर आनंदाने शीळ घालायला लागले. बटणाची हनुवटी तोपर्यंत टेबलावर टेकत होती आणि उभा राहिला तर तो मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवायचा. पण मास्तर म्हणत, "डोळे काय, काहीही दाखवतील. टेप साडेसतरा म्हणतोय." एवढा विश्वास माझ्यावर बायकोनेही ठेवला नव्हता, म्हणजे मला बायको असती तर.

दुसरा चमत्कार दुकानात. स्टेशनमास्तरांचा कोट घट्ट झाला. मास्तरांनी वही दाखवली. "साहेब, माप बघा. तुम्ही पंधरा दिवसांत सुटलात." साहेब ओशाळून गेले आणि चहातली साखर सोडली म्हणे. मग शाळेच्या बाई आपला कोट घेऊन आल्या. त्याही सुटल्या होत्या. मग वकीलसाहेब आले, नवा काळा कोट अंगात अडकवून, दोन्ही हात बुजगावण्यासारखे पसरून.

"मास्तर, हा कोट मी घातलाय की मला कोटाने धरलंय? उद्या कोर्टात उभं राहायचंय मला."

"साहेब, राग मानू नका, पण तुम्ही सुट…"

"सुटलो? डॉक्टरांनी काल वजन केलंय. दोन किलो उतरलंय!"

काकू काजं करता करता थांबली. "अहो, एका महिन्यात अख्खं गाव सुटलं आणि आपला कुत्रा तेवढा वाढायचा थांबला? काहीतरी चुकतंय."

मास्तरांच्या कापायच्या टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली आहे, इंचांच्या खुणांची. माप माझ्याने घ्यायचं आणि कापड त्या पट्टीवर आखायचं, ही त्यांची झटपट पद्धत. त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि त्या पट्टीवर लांब पसरलं. माझा साठाचा आकडा पट्टीच्या पासष्टावर जाऊन बसला. पाच इंच!

 मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाराजणांतून निवडलेला मी. वकीलसाहेबसुद्धा हळूच म्हणाले, "असू द्या मास्तर, संध्याकाळपर्यंत सैल करून द्या," आणि शर्टावरच निघून गेले.

मास्तरांनी काकूला नवा टेप आणायला पाठवलं. तिन्ही कोट उसवून फुकट दुरुस्त करायचे, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पण त्यांचं लक्ष कोटात नव्हतं. नवा टेप आला तसे ते सवयीने मलाही गळ्यात टाकून जिना चढले, बटणाला भिंतीशी उभं केलं आणि माप घेतलं.

एकोणीस.

त्यांनी पुन्हा घेतलं. एकोणीसच. बटण त्यांचा कान चाटत होता.

"आक्का," मास्तर म्हणाले.  "एकोणीस भरला. हद्द अठरा होती. मी शब्द दिलाय." त्यांनी खुंटीवरची दोरी काढून बटणाच्या पट्ट्याला लावली. बटणाला वाटलं, फिरायला जायचंय. तो गोल गोल नाचायला लागला. काकूने डोळ्याला पदर लावला. एका गोष्टीची मात्र मला चीड आली. एवढी चूक माझी, आणि शिक्षा त्या मुक्या जिवाला.

दोघं दारापर्यंत पोचले होते.

"थांब," आक्का म्हणाली. "कशाने मोजलंस?"

"नव्या टेपने."

"आणि माझा गुडघा कशाने मोजला होतास?"

"या… या जुन्याने."

"बाबा काय शिकवायचे रे तुला? ज्या टेपने माप घेतलं, त्याच टेपने कापड कापायचं. ते विसरलास म्हणून तिघांचे कोट आवळलेस, खालचं सगळं ऐकू येतं मला. आता इथेही तीच चूक? अट या टेपने ठरली. मोजायचं याच टेपने. आण इकडे."

"आक्का, अगं, तो ताणलाय. पाच इंच. कसा ताणला कोण जाणे."

"मी ताणलाय," आक्का म्हणाली. "मी आणि हा गाढव, दोघांनी मिळून. रोज दुपारी. तू घोरत असतोस तेव्हा." तिचा चेहरा लाल झाला होता, पण नजर खाली गेली नाही. "काय बघतोस असा? ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते चाला, तुम्ही दोघं म्हणालात चाला, मी चालले का? याच्यासाठी उठले मी. याला नेलंस, तर मी पुन्हा त्या खुर्चीत बसेन, सांगून ठेवते."

आणि ती उठली. काठीशिवाय. खोली ओलांडून आली, मास्तरांच्या गळ्यातून मला काढलं आणि वाकून बटणाच्या पायाशी माझं टोक टेकवलं.

"किती?"

मास्तर मापाकडे बघतच नव्हते. ते बहिणीच्या पायांकडे बघत होते.

"किती, म्हटलं!"

"साडेसतरा," मास्तर म्हणाले, आणि दारातच खाली बसून बटणाच्या मानेत तोंड खुपसून रडले.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मास्तरांच्या गळ्यात आता नवा टेप आहे. तो तंतोतंत आहे, असं ऐकतो. असू दे. पोरगा नवीन आहे, शिकेल. मला दुकानाची बंदी झाली. मी वर असतो, आक्काच्या खुंटीवर. माझं रोगण उडालंय, चाळीस ते सेहेचाळीस या आकड्यांवर दातांच्या खुणा आहेत, आणि एका टोकाचा पितळी पत्रा बटणाने कुठे पुरलाय ते त्याचं त्यालाच माहीत.

तरी रविवार माझाच. सकाळी आक्का हाक मारते आणि बटण मला स्वतः तोंडात धरून घेऊन येतो. तो आता केवढा झालाय, ते नव्या टेपला विचारा, मला विचारू नका. माझं एवढंच मागणं आहे, की घर आवरताना कोणी मला जुना म्हणून कचऱ्यात टाकू नका. या घरात माझं काम अजून संपलेलं नाही.

आक्का एक टोक पायाखाली धरते आणि दुसरं वर ओढते. जरा जोरातच ओढते. मास्तर वही उघडून खिडकीबाहेर बघत बसतात.

"किती?" ते विचारतात.

"साडेसतरा," आक्का सांगते.

आणि मी, ज्याने आयुष्यात कधी कोणाचं पोट लपवलं नाही, तो मी छाती काढून साडेसतराच दाखवतो.