माळावरचा डबा

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी आणि पाईप विकणारं एक दुकान आहे. त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात, गंजलेले नटबोल्ट आणि तुटकी टेपपट्टी यांच्या शेजारी मी पडून आहे. मी हातात धरायचं जीपीएस यंत्र. तळहाताएवढा देह, रबरी कड, हिरवट काच, पोटात दोन पेन्सिल सेल. मला आवाज कधीच नव्हता, आता उजेडही उरला नाही. पण एक गोष्ट या जगात मला एकट्यालाच माहीत आहे आणि ती आत ठेवून मला गंज चढतोय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आकाशातल्या उपग्रहांकडे कान लावायचा आणि आपण नेमके कुठं उभे आहोत ते माणसाला सांगायचं, एवढी एकच विद्या मला शिकवली गेली. तीही पुरी नाही. तीन ते पाच मीटरची चूक माझ्या रक्तातच आहे. त्या जागेपर्यंत मी नेतो, पुढची पाच-दहा पावलं माणसानं आपल्या डोळ्यांनी शोधायची असतात.

मला या घरात रविनं आणलं. तो इंजिनिअरिंगला होता. त्याचे वडील मन्मथआप्पा शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकत, आणि नळी किती लागेल हे काढायला दोरी घेऊन बांधाबांधानं फिरत. रविनं मला त्यांच्या हातात दिलं. "आप्पा, ह्याला घेऊन शेताला एक फेरी मारा. किती एकर हाय ते हेच सांगतंय."

आप्पांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "आन् खोटं सांगितलं तर?"

"तुमच्या दोरीपेक्षा खरं सांगतंय."

त्या दिवशी बापलेक एकाच शेताला चार वेळा फिरले. शेतकरी बांधावर बसून हसत होता. मला मात्र तेव्हाच कळलं की या दोघांना एकमेकांबरोबर चालायला काहीतरी निमित्त हवं होतं. घरात त्यांचं बोलणं फार नसायचं.

पुढं रविनं कॉलेजातून एक खेळ आणला, जिओकॅशिंग. कुठंतरी एक डबा लपवायचा, त्यात एक वही ठेवायची, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. जगातल्या कुणीही माझ्यासारखं यंत्र घेऊन यावं, डबा शोधावा, वहीत नाव आणि तारीख लिहावी, डबा होता तिथं ठेवून निघून जावं. आप्पा आधी म्हणाले, "डबा ठिवायचा, आन् पुन्हा आपणच हुडकायचा? येडे हाव का आपण?" पण दुकानाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लागला तो आप्पांनीच आणलेला. त्यात पहिली टाचणी टोचली तीही आप्पांनीच.

तीन डबे लपवले. एक सिरसाळ्याच्या माळावर दगडांच्या ढिगात. दुसरा माजलगावच्या धरणाच्या अंगाला, एका पडक्या खोलीच्या कोनाड्यात. तिसरा नांदूरघाटच्या वाटेवर, एका चिंचेच्या ढोलीत. दर बाजारबंदच्या दिवशी दोघं मोटारसायकलवर निघायचे. रवि चालवायचा, आणि मागं बसलेले आप्पा मला हातात धरून ओरडायचे, "डावीकडं! अरे डावीकडं काटा फिरलाय!" गंगासागरबाई, म्हणजे रविची माय, भाकरी बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, "डब्बा हुडकायला डब्बा घेऊन चालले."

माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस. फार नव्हते.

वर्षभर तिन्ही वह्यांत बापलेकाशिवाय कुणाचंच नाव आलं नाही. मग एकदा चिंचेच्या ढोलीतली वही उघडली तर आत टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, "तुमचा डबा आमच्या चिंचेत काय करतोय? भाडं कोण देणार? रोहिणी." आप्पा पोट धरून हसले. रवि हसला नाही. त्यानं खाली काहीतरी लिहिलं आणि वही पटकन मिटली. पुढच्या खेपेला तिथं उत्तर होतं. त्याच्या पुढच्या खेपेला रवि एकटाच मला घेऊन गेला.

दोन वर्षांनी रविनं घरात सांगितलं की मी रोहिणीशी लग्न करणार. तिची जात वेगळी होती. आप्पांनी आवाज चढवला नाही. मला टेबलावरून उचललं आणि रविच्या पायाशी आपटलं.

"ह्या डबड्यानं माझं घर मोडलं," ते म्हणाले. "जा. ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठिवू नको."

माझ्या काचेला तेव्हा गेलेला तडा अजून आहे. रवि गेला. त्यानं रोहिणीशी लग्न केलं आणि नांदेडला नोकरी धरली. गंगासागरबाईंनी एकदा चोरून फोन लावला, तर आप्पांनी तीन दिवस त्यांच्या हातचं अन्न घेतलं नाही. त्यानंतर त्या माउलीनं फोनचं नाव काढलं नाही. भांडी घासताना मात्र त्यांचा नळ उगाच वाहत राहायचा.

मी दोन वर्षं खणात होतो. मग एका चैत्रात आप्पांनी मला बाहेर काढलं, नवे सेल घातले आणि माळाचा बिंदू निवडला. चढताना ते स्वतःशीच पुटपुटत होते, "फेकूनच देतो एकदाचा." दगड बाजूला केले, डबा उघडला, वही फाडायला हातात घेतली. लिहिलेल्या शेवटच्या पानावर गुढीपाडव्याची तारीख होती आणि खाली एकच शब्द. रवि.

म्हणजे पोरगा आला होता. नांदेडहून सासुरवाडीला जाताना गाव टाळून माळावर आला होता, नाव लिहून गेला होता. आप्पा दगडावर बसले. मी त्यांच्या मांडीवर होतो. ऊन चढलं तरी ते उठले नाहीत. मग खिशातला पेन काढून त्यांनी त्याच्या नावाखाली लिहिलं, मन्मथ. डबा होता तसा ठेवला.

तिथून पुढं तीन वर्षं त्या वहीत जे चाललं, ते बोलणं म्हणावं की नाही मला कळत नाही. रवि दिवाळीला आणि गुढीपाडव्याला यायचा. आप्पा मात्र दर आठ-पंधरा दिवसांनी जायचे, घरात सांगायचे, "एकाचं शेत मोजायचंय." रविनं एकदा लिहिलं, "आप्पा, तब्येत कशी हाय?" आप्पांनी अर्धा तास पेन धरून ठेवला आणि लिहिलं, "बरी." एवढंच. मला त्यांचा राग आला. तीनशे पानांची वही होती, आणि या माणसाला एकच शब्द सुचला!

एका दिवाळीनंतर वहीत होतं, "मुलगी झाली. नाव रुचिका ठेवलं." त्या संध्याकाळी आप्पा घरी येऊन म्हणाले, "आज काहीतरी गोड कर."

"कावून? आज कुठला सण हाय?" गंगासागरबाईंनी विचारलं.

"सांगितलं तर कर की."

त्यांनी शिरा केला. आप्पांनी दोनदा वाढून घेतला. आपल्याला नात झाली म्हणून आपण शिरा खातोय, हे त्या बाईला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आप्पा माळावर गेले तेव्हा त्यांना धाप लागत होती. त्यांनी वही उघडली, एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. मग लिहिलं, "पोरीला घेऊन घरी ये. माझं चुकलं. दार उघडं हाय." ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डबा दगडाखाली सरकवला. उतरताना ते शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत ते माळाकडं फिरकले नाहीत. आपण मध्ये गेलो तर योग मोडेल असं त्यांना वाटत असावं. दिवाळीत दुकान लवकर बंद करून ते ओट्यावर बसायचे आणि गाडीचा आवाज आला की मान वर करायचे. पाडवा गेला. भाऊबीज गेली. कुणी आलं नाही.

मग एका दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी खेळाचं पान उघडलं. माळावरच्या डब्याच्या नोंदीखाली रविनं दिवाळीच्या पाडव्याला लिहिलं होतं, "डबा जागेवर नाही. डब्याच्या मालकानंच काढून नेला असावा. हरकत नाही."

आप्पांनी मला उचललं आणि तसेच अनवाणी निघाले.

मी त्यांना बरोबर नेलं. माझा काटा हलला नाही, माझा आकडा चुकला नाही. बिंदूवर पोचलो तेव्हा समोर जमीन नव्हती. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढायला माळ खोदला होता. आमचा ढीग होता त्या जागी दोन पुरुष खोल खड्डा होता, आणि तळाला एक मशीन घरघरत होतं.

"इथं दगडाखाली एक डबा होता!" आप्पा काठावरून ओरडले.

मशीनवरच्या माणसानं मान वर केली. "काका, इथं लई दगडं होते. गेले समदे रस्त्यात. मागं सरा, कड ढासळंल."

घरी आल्यावर आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमागं लपवलेला एक नंबर काढला. गंगासागरबाईंच्या अक्षरातला. तो तिथं आहे हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं तर! फोन लागला. "हॅलो," रवि म्हणाला. मागं एक लहान पोर खिदळत होती. "हॅलो, कोण?" आप्पांचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी फोन ठेवला. बोलायची सवय सहा वर्षांत मोडली होती, किंवा कधी लागलीच नव्हती. वहीत लिहिणं जमलं होतं, तेवढंच त्यांना पुन्हा करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा डबा, नवी वही आणि मला घेऊन ते पुन्हा माळावर गेले. खड्ड्याच्या कडेला, जुन्या जागेच्या होता होईल तितकं जवळ, ते दगड रचायला लागले. तिसरा दगड उचलताना त्यांचा उजवा हात एकदम लोंबला. ते कुशीवर पडले. त्यांच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. शेळ्या घेऊन आलेल्या छबुबाईंनी त्यांना पाहिलं आणि माणसं बोलावली. कुणीतरी मला उचलून गंगासागरबाईंच्या पिशवीत टाकलं. कोरी वही वाऱ्यानं खड्ड्यात गेली.

पक्षाघातानं उजवी बाजू गेली आणि वाचाही. मायनं फोन करून रविला बोलावलं, आणि दवाखान्यातून आप्पांना घरी त्याच्याच गाडीतून आणलं. मला पिशवीतून काढून घराच्या खिडकीत ठेवलं होतं. गाडीतलं यंत्र दारापाशी थांबताना गोड आवाजात म्हणालं, "तुम्ही मुक्कामाला पोचला आहात." त्याला वाचा आहे. मला तेव्हा त्याचा फार हेवा वाटला.

रवि उंबऱ्यावर थबकला. माय म्हणाली, "ये की रे," तेव्हा कुठं आत आला. त्यानं बापाला खाटेवर निजवलं आणि पायाशी बसला. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि डावा हात उचलून माझ्याकडं बोट केलं. "ड... ड..."

"काय पायजे आप्पा? पाणी?"

त्यांनी मान जोरात हलवली. बोट माझ्यावरच. "ड... ब... ड..." तोंडातून लाळ गळत होती, डोळे मोठे झाले होते, डावा हात गादीवर आपटत होता.

रविनं वळून माझ्याकडं पाहिलं. माझी तडकलेली काच पाहिली. त्याचा चेहरा हळूहळू विझला.

"अजून ह्याचाच राग हाय व्हय आप्पा?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं झाली. मी बी चुकलो आसंल. पर डब्बा सुदिक काढून टाकला तुमी."

आप्पा ओरडले. कसायाच्या दारातल्या जनावरासारखे ओरडले. माय धावत आली. "नको रं त्यांच्यासमोर बसू," ती रडत म्हणाली. "डॉक्टर म्हणलेत, त्यांना तरास व्हता कामा नये." रवि उठून ओट्यावर गेला. पुढचे अकरा दिवस तो त्याच ओट्यावर झोपला, औषधं आणत राहिला, डॉक्टरांना आणत राहिला, पण बापासमोर आला नाही. आपल्याला पाहून त्यांना त्रास होतो, असं त्याला वाटलं. आणि आप्पा दाराकडं पाहत अकरा दिवस पडून राहिले. रुचिकाला तर त्यांना भेटवलंच नाही. पोरगी घाबरेल म्हणे.

बाराव्या दिवशी आप्पा गेले.

दिवसकार्याचं, म्हणजे गणाराधनेचं, जेवण झाल्यावर रवि निघाला. गंगासागरबाईंनी मला त्याच्यापुढं धरलं. "हे नेतोस का? तुझंच हाय."

त्यानं बटण दाबलं. मी आतून सगळा जीव एकवटला. कारण मी जिथं जिथं गेलो तिथली प्रत्येक वाट, तारीख आणि वेळेसकट, माझ्या पोटात उमटलेली असते. दुकानापासून माळापर्यंतची एकच रेघ, शंभरावर वेळा गिरवलेली, आणि शेवटची आप्पा पडले त्या सकाळची. नुसता उजेड झाला असता तरी त्यानं ओळखलं असतं. पण सेल फुगून पाझरले होते. त्यानं पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं.

"मेलंय हे," तो म्हणाला. "राहू दे माय." आणि मला दुकानातल्या टेबलाच्या खणात टाकून खण लोटून घेतला.

आता दुकान भाड्यानं दिलंय. नव्या माणसाला माझ्याशी कर्तव्य नाही. तुमच्यापैकी कुणी कधी पाईपचा जोड घ्यायला या दुकानात आलात, तर एवढं करा. नांदेडच्या रविला सांगा, तुझ्या बापानं डबा काढला नव्हता, त्यानं तुला घरी बोलावलं होतं. पुरावा म्हणून मला दोन सेल घाला. आतल्या पत्र्याला हिरवट बुरशी चढलीय, ती पार मुळापर्यंत गेलीय हे मला कळतंय. बहुतेक मी लागणार नाही. तरी एकदा घालून बघा.