रिकाम्या टबातली घाण

उत्रोलीच्या समाजमंदिरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळ्यांची नजरही पायांवरच होती. दीपमालाचे पाय निळ्या प्लास्टिकच्या टबात बुडलेले. पाण्यात मूठभर मीठ, मिठाच्या पाण्यात एक नळी, नळीची वायर एका डबीला आणि डबी भिंतीतल्या प्लगला. क्षारयोगी आनंदरावांनी बटण दाबलं. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग नारिंगी, मग गढूळ तपकिरी. वर फेस.

"आगं आई गं!" बाळाबाईनं पदर नाकाला लावला. "एवढी घाण हुती अंगात?"

"नारिंगी दिसतंय ते सांधे," योगी छडीनं दाखवत म्हणाले. "काळे कण यकृताचे. फेस आला तो कफ. ताई, तुमच्या खनिजांचा तोल पार गेलाय. कॅल्शियम रुसलंय, मॅग्नेशियम झोपलंय अन् तांबं एकटंच नाचतंय!"

तांबं नाचतं! कुठल्या तालावर, हे विचारायची कुणाची टाप होती?

दीपमाला पाण्याकडं बघतच नव्हती. ती सासूकडं बघत होती. जाईबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"माझ्या सुनेच्या अंगात एवढं हुतं," त्या म्हणाल्या, "अन् मी तिला कामचुकार म्हणत हुते."

हे ऐकायला दीपमालाची आठ वर्षं गेली होती. तिचे सांधे जन्मापासून सैल. कूस बदलली तरी खांदा निखळायचा, भाकरी थापताना अंगठा मागं वळायचा. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, की सांधे धरून ठेवणाऱ्या दोऱ्याच सैल आहेत, औषधानं त्या घट्ट होत नाहीत. व्यायाम करायचा, खांद्याला पट्टा लावायचा, जपून राहायचं. रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं जागेवर होतं. एक्स-रेसुद्धा स्वच्छ. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं! स्वच्छ एक्स-रे बघून गावानं निकाल दिला, की पोरीला कामाचा कंटाळा आहे. भातलावणीला उत्रोलीत सावड चालते, आज माझ्या खाचरात तू, उद्या तुझ्या खाचरात मी. जिला आपली पाळी फेडता येत नाही तिला कोण बोलावणार? लावणीचे दिवस दीपमाला उंबऱ्यात बसून काढायची. गाणी बांधापलीकडून ऐकू यायची.

टबानं हे सगळं फिरवलं. बायका तिला बोलवायला लागल्या. रोपांच्या मुठी बांधायचं बैठं काम दिलं, तिच्या वाटणीची लावणी सासूनं अंगावर घेतली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका दुपारी योगी जेवायला गेले, डबी चालूच राहिली. समाजमंदिरात दीपमाला एकटी. टबात नुसतं मीठपाणी, पाय कुणाचेच नाहीत. तरी पाणी नारिंगी झालं, मग तपकिरी, वर फेस.

तिला कळलं. बोलायला हवं होतं, शंभरदा हवं होतं. पण माणसांत बसायला मिळालं होतं हो तिला! ती तीन आठवडे गप्प राहिली.

मग योगींनी जाईबाईंचं पाणी निर्मळ करून दाखवलं. "तोल साधला! आता रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे विष." जाईबाईंनी गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी हातात रोपांची मूठ घेऊन त्या खाचरातच कोसळल्या. भोरला टेम्पोतून नेलं तेव्हा डॉक्टर दीपमालावर ओरडले, "गोळ्या कुणी बंद केल्या?" दोन दिवसांनी घरी आल्या आल्या जाईबाई म्हणाल्या, "तोल पुन्यांदा गेला जणू. टबात बसते."

"चला आत्या," दीपमाला म्हणाली. "मी येते."

समाजमंदिर पुन्हा भरलेलं. दीपमालानं पाण्यात मीठ टाकलं आणि योगींच्या आधी स्वतःच बटण दाबलं.

"अहो ताई, पाय? पायाशिवाय ऊर्जा वाहत न्हाई!"

"न्हाई वाहिली तर न्हाई. जरा बसा."

वीस मिनिटांत टब तपकिरी. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ही घाण कुणाची म्हणायची? टबाची?" दीपमालानं बटण बंद करून नळी वर काढली. आतल्या लोखंडी पट्ट्या झिजून पातळ झाल्या होत्या. "हे लोखंड हाय. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की भराभर गंजतं. रंग गंजाचा, फेस विजेचा. अन् आत्यांचं पाणी निर्मळ कसं झालं? त्या दिवशी ह्यांनी मीठ टाकलंच न्हाई. मिठाबिगर वीज नीट वाहत न्हाई, मग गंज कुठला?"

"तुझी छाया पडली पाण्यात!" योगी म्हणाले खरे, पण हात वायर गुंडाळत होते. टब-डबी भरून त्यांचा टेम्पो पुढच्या गावाला, कामथडीच्या दिशेनं निघून गेला.

मग बाळाबाई हळूच म्हणाली, "म्हंजे तुझी पण घाण खोटीच की. तुला काय झालंच न्हाई तर."

"पाणी खोटं हुतं, बाळाबाई. खांदा खराच उतरतोय."

जाईबाई जमिनीकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका दारावरून गेल्या, हाक कुणी मारली नाही. जाईबाईंनी सुनेच्या हातून गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली.

"अजून दुखतंय व्हय गं?"

"दुखतंय, आत्या."

"दिसत तर काय न्हाई," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या.

मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर आधी रिकामा टब चालवून बघा, मग हात जोडा. आणि कुणी दुखतंय म्हणालं तर त्याच्याकडं रंगीत पाण्याचा पुरावा मागू नका, घटकाभर त्याच्या शेजारी बसा. जाईबाई आज जिवंत आहेत त्या दीपमालामुळं, आणि त्या सकाळी दीपमालाच्या शेजारी कुणीही बसलं नव्हतं.