दोन नावांचा बोका

मी एक म्हातारा बोका बोलतोय. वय सोळा पूर्ण. दात चारच उरलेत, डावा डोळा धुरकट झालाय, आणि साखर, मूत्रपिंड, सांधे अशी तीन दुखणी एकाच अंगात नांदतायत. आपसांत बोलत नसावीत, पण नांदतात. मला त्याची सवय आहे. मी राहतो ते घरही तसंच आहे.

जन्म जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या पेटीमागे झाला. आई एके दिवशी बाहेर गेली ती परतलीच नाही. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीने मला भाजीच्या पिशवीत घालून वर नेलं. घरात तिच्या दोन मुली होत्या. थोरली टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. धाकटी घरीच मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. थोरली मला 'राजे' म्हणायची, धाकटी 'ढब्बू'. म्हातारी नुसतं 'ये रे' म्हणायची आणि मी आधी तिच्याकडे जायचो.

मी पाच वर्षांचा असताना म्हातारीला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. त्या दिवशी दोघी बहिणी घरी आल्या त्या वेगवेगळ्या. थोरली दारातच म्हणाली, "माझ्यासाठी थांबायचं तरी होतंस." धाकटीने उत्तर दिलं नाही. पुढची आठ वर्षं त्या घरात कुणी कुणाला उत्तर दिलं नाही.

आवाज कधी चढला नाही, भांडं कधी आपटलं नाही. स्वयंपाकघर नऊपर्यंत थोरलीचं, नंतर धाकटीचं. निरोप फ्रिजच्या दारावर चिठ्ठीने जायचे: 'गॅस संपत आलाय', 'नळवाला चारला येईल'. माझ्याशी मात्र दोघी भरभरून बोलायच्या. टपालातल्या साहेबाची नक्कल मी पाहिलीय, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्यात. एक खोली ऐकून झाली की दुसरीत जायचो. सगळं माझ्यापाशीच साठायचं, पुढे कुठे जायचं नाही.

दोघी मला दिवसातून दोनदा खायला घालायच्या. दुसरीने घातलंय का, हे विचारायची सोय नव्हती. आणि मी तरी कशाला सांगू?

मग एका वर्षी मला भलतीच तहान लागायला लागली. वाटी चाटून झाली की मी बादलीत तोंड घालायचो. धाकटीच्या गिऱ्हाइकाचा पडदा दोनदा ओला केला, तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एका सकाळी खिडकीत उडी मारायला गेलो तर मागचे पायच उठले नाहीत. धप्पकन पडलो. दोन खोल्यांतून दोघी धावत आल्या. मी साडेसात किलोचा, टोपली एकीला उचलेना. दोघी एकाच गाडीतून गेल्या, एक या खिडकीबाहेर बघत, एक त्या.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "नाव काय?"

"राजे," थोरली म्हणाली.

"ढब्बू," धाकटी म्हणाली.

बाईंनी दोन्ही लिहून घेतली. "आणि खायला कितीदा?"

"दोनदा," दोघी एकदमच म्हणाल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चारदा," त्या म्हणाल्या. "मधुमेह झालाय त्याला. रोज बारा तासांनी इंजेक्शन. एकीने धरायचं, एकीने टोचायचं. जमेल?"

जमवलं त्यांनी. सकाळी सात, संध्याकाळी सात. थोरली मला टॉवेलात गुंडाळून धरायची, धाकटी मानेची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. "धरलंस?" "हं." "झालं." दिवसाला इतकेच शब्द, पण त्यांच्यासाठी मी रोज सातची वाट पाहायचो.

पुढे मी शहाणा झालो आणि तिथेच चुकलो. मी धडपड करीना, तेव्हा धरायला कुणी लागेना. सकाळ धाकटीने घेतली, संध्याकाळ थोरलीने. घर पुन्हा गप्प झालं. मधेच थोडं खोटं ओरबाडलं असतं तर बरं झालं असतं, पण अंगात त्राणही नव्हतं.

एकदा थोरलीला पेन्शनच्या कामात उशीर झाला. सात वाजून गेले म्हणून धाकटीने टोचलं आणि ती तयार पडदे पोचवायला खाली गेली. सव्वासातला थोरली आली. कुणाला काही विचारायची रीतच नव्हती. तिनेही टोचलं.

तासाभरात माझे पाय लटपटायला लागले. भिंत हलली. मी फरशीवर आडवा झालो आणि अंग आपोआप झटके देऊ लागलं. तेवढ्यात जिन्यावर धाकटीची पावलं वाजली. थोरली दारातूनच ओरडली, "याला टोचलं होतंस का?"

"सातला. का?"

"मीपण टोचलं."

धाकटी मधाची बाटली घेऊन खाली बसली आणि बोटाने माझ्या हिरड्यांना मध लावत राहिली. थोरलीने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. "एका शब्दाने विचारलं असतं तर," ती पुटपुटली. धाकटी म्हणाली, "हं. मीपण."

मी वाचलो. तेव्हापासून विचारणं सुरू झालं. "टोचलंस?" "हो." "खाल्लं?" "अर्धं." बाकी अक्षर नाही. पुढे माझी मूत्रपिंडं थकली, तेव्हा सलाइनची बाटली पडद्याच्या हुकाला टांगायची ठरली. कातडीखाली पाणी उतरेपर्यंत दोघी माझ्या दोन बाजूंना बसायच्या. बघायच्या बाटलीकडे.

आता तीन दिवस मी खाल्लेलं नाही. डॉक्टरबाईंचा फोन आला होता, उद्या अकराला घेऊन या, आता त्याला कायमचं झोपवलेलं बरं. आज दुपारी, शेवटची बाटली टांगलेली असताना, धाकटी म्हणाली, "त्या कागदावर सही लागेल."

"तू कर. तुला जमतं ते."

धाकटीने बाटलीत किती उरलंय ते पाहिलं. "आईच्या वेळी मी तुला सतरा फोन केले," ती म्हणाली. "श्वासाचं मशीन पाचला काढू म्हणाले होते डॉक्टर. मी त्यांना पावणेसहापर्यंत थांबवलं."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"फोन वाजत होता. मी कचेरीत खिडकीवरच बसले होते." थोरलीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, उलट्या दिशेने. "उचलला असता तर मलाही हो म्हणावं लागलं असतं. आणि मग तुलाच बोलले."

बाटली संपली. धाकटीने हलकेच सुई काढली. "उद्या दोघी करू सही," ती म्हणाली. "ताई, मला परत एकटीला नको."

थोरलीने मान हलवली. मग दोघी उठून आपापल्या खोलीत गेल्या. अकरा वर्षं अशी एका बाटलीत भरून निघत नाहीत.

मला सुईची भीती नाही. हजारांनी खाल्ल्यात. भीती परवाची आहे. परवा सकाळचे सात वाजतील आणि या घरात विचारायला माझं काही उरलेलं नसेल. ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडे कुणी असे एका छपराखाली गप्प राहत असतील, तर मांजर आजारी पडायची वाट बघू नका. काहीही विचारा. पाणी आलं का, एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

आत्ता थोरली उठलीय. धाकटीच्या दाराशी उभी आहे, हात चौकटीवर. अजून काही बोललेली नाही. आतलं मशीन थांबलंय. मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी मान उचलून धरलीय.